सेकंदाचा पाचशेवा हिस्सा

वार्डोत नोव्हेंबर सरता सरता सूर्य रजेवर जातो
आणि अर्ज न करताच जातो.
लायब्ररीच्या तळघरात मंगळवारी सहाला
आम्ही चौघं नवशिके, आणि बोर्गहिल,
जिनं इस्पितळात तेहतीस वर्षं एक्स-रे काढले.
पहिला धडा: झाकण काढा.
मी काढलं नव्हतं.

ती म्हणाली, माणसाच्या आत बघायला
मोजून द्यावं लागायचं. जास्त दिलं तर इजा,
कमी दिलं तर नुसतं धुकं.
बाहेरून बघतानाही हिशेब तोच.

अ‍ॅपर्चर म्हणजे भोक. भोकाचं आणि आकड्याचं वाकडं आहे:
आकडा लहान, तर भोक मोठं.
हे पाठ करा. समज मागून येईल,
लंगड्या मांजरासारखी, तिला वाटेल तेव्हा.

शटर म्हणजे मासळीच्या गोदामाचं दार,
जितका वेळ उघडं, तितकी थंडी आत.
आणि आयएसओ?
वाढवा की, अंधारातही दिसेल,
पण फोटोभर रवा सांडेल.

सिवपाक्यमनं लिहून घेतलं नाही काही.
जाफना सोडून आली ती इथल्या कारखान्यात,
एकोणतीस वर्षं कॉड माशाच्या काट्यालगत सुरी चालवली.
बोर्गहिल म्हणाली: श्वास घ्या. धरा. आता.
(इस्पितळातलीच ती हाक.)
सिवपाक्यमनं सेकंदाचा आठवा हिस्सा शटर उघडं ठेवलं
आणि धक्क्यावरचा एकेक दोर
जागच्या जागी, पिळासकट.

माझ्या फोटोत बंदराचे दिवे
अळ्यांसारखे वळवळत होते.
तीस वर्षं क्रेन चालवली मी,
दहा टनांचा खोका अंड्यासारखा उतरवायचो.
दोन वर्षं झाली, आता चहा
कपात कमी, बशीत जास्त.
बोर्गहिलनं तो फोटो बराच वेळ पाहिला,
पूर्वी काचेवर फिल्म लावून बघायची तसा.
बोलली नाही. तेव्हाही बोलायची नाही,
सांगायचं काम डॉक्टरांचं.

पुढच्या मंगळवारी तिनं आणला
लोकरी मोजा, तांदूळ भरून, तोंडाला गाठ.
कॅमेरा यावर टेकवा. दोन सेकंदांचा टायमर लावा.
आणि हात काढून घ्या, ओडवार.
फोटो दर वेळी हातानंच काढावा असं थोडंच आहे.

असा गेला डिसेंबर. तांदळाच्या जिवावर.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, शाळा सोडलेली,
सगळं गाव टेकाडावर, सगळ्यांचे फोन वर.
छोट्या इसेलिनची बॅटरी गारठून मेली,
बोर्गहिलनं आपल्या काखेतून दुसरी काढून दिली,
कोमट, पावासारखी.
मग क्षितिजावर एक नारिंगी चीर,
आणि बोर्गहिल ओरडली: त्याच्याकडे पाठ करा!
दर वर्षी तो तसाच दिसतो.
तो कुणावर पडलाय ते बघा.

आम्ही वळलो. बर्फ गुलाबी झालं होतं,
कॅमेऱ्यात मात्र राखेचं.
यंत्राला सगळं जग मध्यम करडं हवं असतं,
कुणी फार उजळलं की ते घाबरतं.
त्याला सांगा: अधिक एक.
सांगितलं. बर्फ परत बर्फ झालं.

मी मोजा शोधत खिसे चाचपत होतो,
हातमोजा दातात, उजवा हात उघडा, थरथरता,
तेवढ्यात सिवपाक्यमनं बटण दाबलं.
दाखवलं.
पाचशेवा हिस्सा, ती म्हणाली. आज उजेड पुरतो.

पडद्यावर माझा हात होता.
शिरा, क्रेनच्या दांड्याचा जुना घट्टा,
बोटांच्या कडांना केशरी रेघ,
आणि हलत नव्हता.
तो तिथं नुसता होता, मुक्कामाला आल्यासारखा.

बोर्गहिल वाकली. बराच वेळ पाहिलं.
मी वाट बघत होतो.
नखं वाढलीत, ती म्हणाली.

तोवर सूर्य गेलाही होता.