हाल्वार्डच्या स्वयंपाकघरात

घर विकायचं असलं की मला बोलावतात.
मी आधी वस्तू हलवते:
औषधांच्या डब्या, फ्रिजवरची बिलं, कुत्र्याचं भांडं.
इथं माणूस राहतो याच्या सगळ्या खुणा
चौकटीबाहेर. मग खिडकीत एक पांढरी सुरई,
त्यात वाळकी फांदी. झालं.
वार्डोत विकायला निघालेल्या निम्म्या घरांत
माझीच ती सुरई उभी आहे.

हाल्वार्ड म्हणाला, खुर्चीवरचं जाळं राहू दे.
अर्धवट विणलेलं, सुई तशीच अडकलेली.
म्हटलं, गिऱ्हाइकाला मोकळी खुर्ची लागते.
तो म्हणाला, मोकळी खुर्ची मी रोज बघतो.

जानेवारीचा शेवट. दोन महिन्यांनी
सूर्य आलेला, तोही अवघडल्या पाहुण्यासारखा,
कोट न काढता.
मी ट्रायपॉड लावला. त्यानं कॉफी ठेवली.
कोणी काही बोललं नाही.
उजेड आधी ओट्याच्या कडेवर आला,
मग सुरीवर, मग जमिनीच्या फळ्यांवरून सरपटत
जाळ्यापाशी,
आणि प्रत्येक गाठीला
स्वतःची एक बारीक सावली मिळाली.

नऊ मिनिटं असतील.
बटण दाबायचं मी विसरले.
मग दाबलं, एकदाच.

एजंट म्हणतो, या फोटोवर घर खपणार नाही.
नाही तर नाही.
सुरई आता माझ्या घरीच असते.
तिच्यातलं पाणी पिते.
सकाळी अंथरूण आवरायच्या आधी
चादरीच्या चुण्यांवर उजेड
कुठवर चढलाय
ते बघून घेते.