बोटांचे ठसे, आणि इतर सूचना

बसा अक्का, पंखा तुमच्याकडं फिरवतो.
साखर पेठेतनं चालत आलात, तेही एप्रिलात.
लिस्बनला एवढं ऊन नसतं.
तिथल्या लोकांना वाटतं, असतं.

पोर्तुगालचे फॉर्म मी आजवर एकोणीस भरले.
स्वतः गेलो कुठं? फार तर गुलबर्ग्याला, मेहुण्याच्या लग्नात.
पण परत आलेला माणूस आधी या झेरॉक्सच्या दुकानात येतो,
फ्रिजला चिकटवायचा एक रंगीत कोंबडा घेऊन,
आणि याच स्टुलावर बसून दोन तास बोलतो.
तेच तुम्हाला सांगतोय. खोटं निघालं तर
त्या कपाटावरच्या कोंबड्यांना विचारा.

पहिल्यांदा चपला.
फुटपाथवर तिथं काळे-पांढरे दगड बसवलेत, लाटांची नक्षी करून.
बघायला चादरीचा काठ,
पाऊस पडला की साबणाची वडी.
रबरी तळाचे बूट घ्या, आणि आत्तापासून घाला,
भाजीला जाताना, देवळाच्या पायरीपर्यंत.
नवा बूट परदेशात चावतो जास्त.

अठ्ठावीस नंबरची ट्राम पिवळी, आतनं लाकडी,
चढावर म्हाताऱ्यागत कण्हते. बसा जरूर.
पर्स मात्र पोटाशी,
गड्ड्याच्या जत्रेत धरता तशी.

खाणावळीत न मागता पाव आणतील, ऑलिव्ह आणतील.
कांदा-लिंबू नव्हे ते. हात लावला की बिलात.
सोमवारी बरीचशी संग्रहालयं बंद.
जूनमध्ये दिवस नवाला मावळतो,
दिवाबत्ती घड्याळ बघून करा.
कडक भाकरी न्या, शेंगाचटणी न्या, दोन पिशव्यांत बांधून,
तूप नको, दुधाचं काही आत सोडत नाहीत.
आणि नळ तिथं चोवीस तास.
बादल्या भरून ठेवू नका अक्का,
अंबादासची घरमालकीण घाबरेल.

भाषेचं टेन्शन घेऊ नका.
चावी म्हणा, साबण म्हणा, पाव म्हणा,
थोडं नाकात बोललात की त्यांना समजेल.
फक्त 'पगार' जपून वापरा.
आपल्याकडं तो मिळतो,
तिकडं पगार म्हणजे पैसे द्यायचे.

बालामणी अक्का पदर तोंडाला लावून हसल्या.
"आमच्या शेठला ती भाषा यायला पाहिजे होती."

मग फॉर्ममधला तो रकाना आला: प्रवासाचा हेतू.
लेकाला भेटणे, लिहू का?
"ते तर हायच की," त्या म्हणाल्या.
"पण सव्वीस वर्षं पॅकिंगला होते मी.
खोक्यावर पोर्तो, पोर्तो, पोर्तो, दिवसाला दोनशे चिठ्ठ्या चिकटवल्या.
एकदा बघायचंय, कुठल्या तोंडांना पुसतात ते.
हॉटेलात गेले तर घडी उलगडून बघीन.
आमची घडी तीन पदरी, शिवण आत.
कुणी तशीच ठेवली असेल का?"

एवढं मावत नाही हो त्या रकान्यात.
मी पर्यटनावर खूण केली.

शेवटचं राहिलं, आणि ते मला आधीच सुचायला हवं होतं.
पुण्याला गेलात की दहाही बोटं काचेवर ठेवायला लावतात.
हात दाखवा, म्हटलं.
रेशनच्या मशीनला लागतात का?
"कधी लागतात, कधी नाही. सून अंगठा देते."
खराब झालेल्या फॉर्मच्या पाठीवर
शाईचं पॅड पुढं सरकवलं.
एक एक बोट टेकवलं त्यांनी, दुकानात कुणी नव्हतं,
पंख्याची तेवढी कुरकुर.
नऊ डाग आले, गुळगुळीत, काळे,
रेघ म्हणून नाही.
डाव्या करंगळीत तेवढं
एक बारीक भोवरं उमटलं होतं.

घाबरायचं कारण नाही, मी म्हणालो, थोडं घाबरूनच.
रोज रात्री ग्लिसरीन लावा. पंधरा दिवस धुणं बंद, भांडी बंद.
खरखरीत काही बोटांना लागू देऊ नका,
टॉवेल तर अजिबात नको.

त्यांनी शाई लागलेले हात हवेत धरले,
एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्या कोंबड्यांकडं.
"मग आता हे पुसू कशाला?"