पान अठ्ठावन्न

सूर नावाच्या गावात राहतो आम्ही, ओमानच्या टोकाला.
आत्या दर शुक्रवारी फोनवर विचारते,
"लागला का रे सूर?"
आणि स्वतःच हसते. अकरा वर्षं तोच विनोद.

बाहेर शेहेचाळीस अंश.
ओहोटीच्या खाडीत कलंडलेली लाकडी गलबतं,
खजुराच्या घोसांना बांधलेल्या जाळीच्या पिशव्या,
रस्त्यावर मांजरसुद्धा नाही.
शाळेला सुट्टी, पण सुट्टीलाही गृहपाठ:
इयत्ता सातवी, एक कादंबरी, त्यातलं एक पात्र,
आणि बिन्सी टीचरांनी आखून दिलेल्या पाच चौकटी.
तो काय बोलतो. काय करतो. मनात काय चालतं.
दिसतो कसा. इतर त्याच्याविषयी काय म्हणतात.
प्रत्येकीखाली बारीक अक्षरात: पुरावा, पान क्रमांक.

शाल्मलीनं काका निवडला.
पुतण्या झोपलेला असताना
त्याच्या मेलेल्या बापाची होडी विकून येणारा काका.
"सोपा आहे," म्हणाली. "लोभी. पान एकेचाळीस."
पेनाला टोपण लावलं आणि एसीखाली पाय पसरले.

मी समुद्राचं पाणी गोडं करतो. म्हणजे मशीन करतं,
मी रात्रपाळीला आकडे बघत बसतो.
दोन फेऱ्यांच्या मधे तिचं पुस्तक वाचलं,
अडला शब्द मोबाइलला विचारत.
माझं इंग्रजी पंपांच्या माहितीपत्रकांवर पोसलेलं,
त्यात हुंदका कधी आला नव्हता.

तीन रात्री लागल्या.
सकाळी, चहाच्याही आधी, म्हटलं,
"अठ्ठावन्नावं पान वाचलंस?
पैसे मोजतो, परत मोजतो, आणि दिवा मालवतो."
"मग?"
"लोभी माणूस मालवेल का दिवा? बघत नाही बसणार पैशांकडे?"
"तेल वाचवत असेल. म्हणजे लोभीच ना!"
बिनतोड होतं. पोरगी आईवर गेली आहे.
"आणि बाबा, का मालवला ते लिहिलेलंच नाही.
हा पुरावा नाही होत."
"लिहिलेलं नाही म्हणूनच तर..."
पुढचं वाक्य मला आलं नाही.

भुसावळला आमच्या अंगणात एक स्कूटर होती.
निळी. भावाची. तो नागपूरला परीक्षेला गेला होता
आणि एजंटला पैसे सोमवारी हवे होते.
विकून आलो त्या रात्री
मी काय बोललो, काय केलं, दिसत कसा होतो,
कुणी चौकटी आखल्या नाहीत.
इतर काय म्हणाले ते मात्र पाठ आहे.
पुढे त्याला नवी घेऊन दिली, इथूनच पैसे पाठवून.
मी सुट्टीवर गेलो की
तो ती शेजाऱ्यांच्या अंगणात लावतो.

यातलं काही मी तिला सांगितलं नाही.

सुट्टी संपली. उद्या शाळा.
कागद टेबलावर उघडाच राहिला होता.
चार चौकटी शाईनं भरलेल्या, एक खाडाखोड नाही.
पाचवी पेन्सिलीनं:
"पुस्तकातले सगळे त्याला वाईट म्हणतात.
माझे बाबा म्हणत नाहीत.
पुरावा: पान अठ्ठावन्न.
कारण: अजून कळलं नाही. बघते आहे."

कागद होता तसा ठेवला.
पाळीला निघताना बूट घालायला वाकलो,
तर ती पलंगावर, मिटल्या पुस्तकात बोट घालून,
माझ्याकडेच बघत होती.
दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात
मी मागे घेतला.