ल लसणाचा नव्हे

गॅस एजन्सीतली मुलगी विचारते, आडनाव?
गोळे.
गोले?
गोळे. ळ बाळातला, ल लसणाचा नव्हे.
वाक्य आईचं आहे. खडकी बाजारात,
रेशनच्या खिडकीत, माझ्या शाळेच्या फॉर्मवर
तिनं ते जन्मभर वापरलं.

दादांचं आडनाव वेगळं होतं:
जॉर्ज, ओबो, लव्ह, ईझी.
पाषाणला वायरलेसची पत्र्याची खोली,
कानांवर काळे डबे,
आणि खरखरीतून पलीकडे ढकललेलं एकेक अक्षर.

त्याआधी पलटणीतली एक बाराखडी होती.
ॲक, बीअर, टॉक, पिप.
सकाळ म्हणजे ॲक एमा, संध्याकाळ पिप एमा.
म्हातारपणीही औषधाची बाटली हलवून विचारायचे,
ही पिप एमाची ना?

जुन्नर पाठवायचं तर
जिग, अंकल, नॅन, नॅन, एबल, रॉजर.
चहावाला दरेकर विचारायचा,
साहेब, जुन्नरात या दोन नॅन कोण?
लव्ह म्हणताना मात्र दादा आवाज खाली आणायचे.
संसारी माणूस, रात्रपाळी, सरकारी यंत्र.
आई एकदाच म्हणाली,
त्या डबड्याला म्हणता दिवसातून चाळीसदा.
पुढचं ती बोलली नाही.

छप्पन्ननंतर कधीतरी परिपत्रक आलं,
सायक्लोस्टाइल केलेलं, शाई फुटलेली.
कुठल्याशा परदेशी खोलीत
इंग्रज, फ्रेंच, स्पॅनिश जिभांवर
शब्द घासून पाहिले होते,
गोंगाटात कुठला टिकतो, कुठला विरतो.
अल्फाला साधा एफ दिला, कुणी अडखळू नये म्हणून.
ज्युलिएटला एक टी जास्तीचा,
फ्रेंच माणसानं शेवट गिळू नये म्हणून.
एवढी काळजी.
ळची चौकशी कुणी केली नाही.

शुगर गेली, सिएरा आली.
अंकल गेला, त्याच्या जागी युनिफॉर्म.
रॉजरची बदली झाली, पण तो ऑफिस सोडेना,
'पोचलं' म्हणायच्या कामावर राहिला.
लव्हच्या खुर्चीत लिमा.

लिमा कुठं आलं, आईनं विचारलं.
दादांनी माझा नकाशा उघडला. पेरूत.
पेरूत? ती हसली,
मग बोटानं समुद्र मोजत म्हणाली, लांब आहे.

कितीतरी महिने चुकायचे.
मध्यरात्री, नदीचं पाणी किती फूट चढलं
ते चालू असताना मध्येच
गोल्फ, ऑस्कर, लव्ह
आणि बारामतीचा ऑपरेटर, सावकाश:
लिमा, गोळेसाहेब. लिमा.

अंकलिपीत ळ पार शेवटाकडे, चित्रात बाळ.
त्यानं एकही शब्द सुरू होत नाही.
तो आपणहून कुणाला हाक मारत नाही,
अलीकडे कुणी बोललं तर उमटतो.

एका रविवारी दादांनी आईला सेटसमोर बसवलं.
नियमात नव्हतं. बटण दाबलं, म्हणाले, बोल.
ती गप्प.
बारामती विचारत राहिली, कोण आहे, ओव्हर. कोण आहे, ओव्हर.
तिनं पदर सारखा केला,
पुढं वाकली, आणि रेशनच्या खिडकीत म्हणायची तसं:
गोळे. ळ बाळातला.

बराच वेळ नुसती खरखर.
मग, रॉजर.