मुहूर्त नसलेला रविवार

या रविवारी पंचांगात लग्न नाही,
म्हणून गंगापूर रोडचा हॉल आम्हाला अर्ध्या भाड्यात.
मागच्या वरातीची चमकी
अजून पंख्याच्या पात्याला चिकटलेली.
स्टेजवर दोन सिंहासनं, लाल मखमलीची,
त्यांवर आम्ही बोरिक पावडरचे डबे ठेवले.

तीन वर्षं मी टेबलं मांडतोय
आणि तीन वर्षं तीच भांडणं.
बुद्धिबळवाल्यांना भिंतीकडची शांतता हवी.
कॅरमवाल्यांना दिवा, बरोबर राणीच्या डोक्यावर.
ब्रिजवाल्यांना पाठीच्या खुर्च्या, वेळेवर चहा,
आणि त्यांना कुणी 'पत्ते कुटणारे' म्हणू नये.
कॉलेजची पोरं एक कोपरा मागतात
जिथे ओरडलं तरी चालेल,
कारण राक्षस हळू आवाजात मरत नाही.

कागदावर सगळे मावतात.
दारातून आत आले की मावत नाहीत.

भद्रकालीतून अर्शद पिंजारी येतो,
स्ट्रायकर रुमालात, चष्मा जपावा तसा.
कोपऱ्याकडे बघतो.
"बोर्ड नाही, भोकं नाहीत,
मग तुम्ही खेळता काय?"
ओजस निकुंभ म्हणतो, "आम्ही गोष्ट सांगतो, काका.
अडलो की फासा सांगतो."
"आणि जिंकतं कोण?"
यावर चार पोरं चार उत्तरं देतात.
अर्शद मान हलवतो, जाऊन पावडर भुरभुरतो.

खैरनार काका नोटांच्या प्रेसमधून निवृत्त.
'व्यापार'च्या टेबलावर दरवर्षी तेच बँक.
गुलाबी, पोपटी, पातळ खोट्या नोटा
अशा सरसर मोजतात
की समोरची पोरं भाडं मागायचं विसरतात.
"जन्मभर नुसत्या मोजल्या," म्हणतात,
"वाटायला इथेच मिळतात."

मिसळीनंतरची सुस्ती. साडेतीन.
कोपऱ्यातून वीस बाजूंचा फासा सुटला,
सतरंजीवर न थांबता, बुद्धिबळाच्या टेबलाखालून
(वर नऊ वर्षांची इरा एका वकिलाचा वजीर खात होती)
थेट देवळाली कॅम्पच्या फ्रेनीबाईंच्या चपलेपाशी.
त्या डावात फ्रेनीबाई डमी,
पत्ते उघडे टाकून मोकळ्या.
त्यांनी फासा उचलला, उजेडात धरला,
घडातलं किडकं द्राक्ष बघावं तसा फिरवला.
"पंधरा होते. सारू के खराब?"
कोपरा श्वास धरून.
ओजस म्हणाला, "आंटी, पुलावर एक म्हातारी बसलीय,
तिला आवाज नाहीये अजून."

त्या गेल्या.
पार्टनरनं तीनदा हाक मारली.
पुलावरून म्हातारीचा आवाज आला:
"पैसा नको मला. वर जायचं तर
प्रत्येकानं आपली एक हार सांगा. खरी."

पोरं गप्प.
मग एकानं बारावीचं सांगितलं,
आणि हॉलमधला खडखडाट कधी थांबला
ते माझ्या लक्षात आलं नाही.
अर्शदचा स्ट्रायकर बोटाखालीच.

असं नाही की सगळे एक झाले.
पाच वाजता ब्रिजवाले चहावरून तणतणलेच.
इराच्या वडिलांनी आवाजाची लेखी तक्रार दिली,
ती माझ्या खिशात आहे.

सामान भरताना कॅरमची एक काळी सोंगटी कमी.
कोपऱ्यातल्या नकाशावर सापडली.
"ती विहीर आहे," ओजस कसनुसा म्हणाला.
अर्शदनं वाकून बघितलं, आत डोकवावं तसं.
"मग राहू दे. पुढच्या वर्षी
पाणी लागलं की परत कर."

पांडवलेण्याच्या एका ओसरीत
दगडात खेळाचा पट कोरलाय म्हणतात.
मी नीट पाहिलेला नाही.
पण एकट्यासाठी एवढी छिन्नी कोण चालवेल?

हॉलच्या मॅनेजरला भाडं मोजून दिलं.
त्यानं त्यातली एक गुलाबी नोट
न हसता परत केली.
मग भिंतीवरचं कॅलेंडर उलटत म्हणाला,
"चातुर्मासात बरेच रविवार रिकामे आहेत.
लिहू का?"