काहीच नाही

औलूत अडीचलाच काळोख पडतो.
मी दिवा लावत नाही, स्क्रीन पुरते.

कर्नलचा इशारा पहाटेपासून तिथंच:
अडकू शकतं.
अडकलेलं नाही. डिस्क लिहितेय, चाचण्या हिरव्या,
सहा वर्षं या ड्रायव्हरबद्दल कुणाची तक्रार नाही.
‘मग कशाला उकरतेस?’ रायमो म्हणतो,
मोजे रेडिएटरवर वाळत घालत.

मी पाकिटाच्या पाठीवर बाण काढते.
रांगेचं कुलूप हातात, आणि मागतोय मेमरी.
मेमरी संपलेली; ती म्हणते, आधी जुनं काही
डिस्कवर टाकून ये.
डिस्कवर टाकायला रांग हवी.
रांगेला कुलूप.
इथं घोडं पेंड खातं
आणि खातच राहील,
कारण हाकलणाराही त्याच रांगेत.

असं व्हायला मशीन गच्च भरलेलं हवं
आणि नेमका तो क्षण.
कुठल्याशा इस्पितळात, रात्री, कदाचित.
कदाचित कधीच नाही.

एक ओळ उचलून चार ओळी वर ठेवली:
आधी माग, मग कुलूप लाव.
चाचण्या हिरव्या. होत्या तशाच.

रायमो मोजे चाचपतो. अजून ओलेच.
‘काय बिघडलं होतं?’
‘काहीच नाही.’