शालिक नेवारेची नोंद

मंडळाची वही वाळवीनं खाल्ली.
सत्त्याऐंशी ते ब्याण्णवची पानं तर पार भुगा,
म्हणून आठवेल तसं लिहितो.
गुण तेव्हा मीच मांडायचो,
फक्कीचं घमेलंही माझ्याकडेच.

शालिक आत्माराम नेवारे. राइस मिलवर हमाल.
उंची बेताची, मान आखूड,
पंजे मात्र बदकासारखे पसरट.
आट्यापाट्यात तो सूर.
बाकी आठ जण आपापल्या पाटीत आडवे धावतात,
तेरा इंचांबाहेर पाऊल पडलं की संपलं.
सूर एकटाच उभा धावतो,
गावाच्या मधल्या रस्त्यासारखा,
आणि मागून येऊन कोंडतो.

दिवाळी सरली की मंडया लागायच्या.
दंडारीचा ढोलक तापायच्या आत
मिलच्या अंगणातला कोंडा झाडून आम्ही रेघा मारायचो,
उजेडाला ट्रॅक्टरचे दोन दिवे, त्यातला एक बंद.
शालिक शेवटचं पोतं थप्पीला लावून
तसाच यायचा, कानात कोंडा,
आणि आसगावची अख्खी तुकडी कोंडीत धरायचा.
लगेच हात लावायचा नाही.
बघत राहायचा, पोरगं कोणत्या पायावर श्वास घेतं.
"हुल देनाऱ्याच्या डोयात पाहू नको बे,"
मला एकदा म्हणाला,
"डोये खोटं बोलतेत. टाचीकडं ध्यान ठेव."

एकोणीस मंडया. चौदा स्टीलच्या घागरी.
त्यातली एक चुलीमागं, बाकी बहिणींकडं गेल्या.

मग जिल्ह्याचं बोलावणं आलं.
पोस्टकार्डावर नाव चुकलेलं, शालिग्राम नेवरे.
त्याच नावानं तो राज्य स्पर्धेला गेला,
निळी जर्सी, आठ नंबर, गुडघ्यापर्यंत लोंबणारी.
तिथं सूर कॉलेजातला, सरांचा भाचा.
शालिकला नववी पाटी दिली,
सगळ्यात मागची, जिथून लोण उठतं.
इथं कायले, एवढंही त्यानं विचारलं नाही.
तीन सामने बाकावर. चौथ्यात अकरा मिनिटं.
शेवटच्या मिनिटाला परभणीचा एक काटकुळा पोरगा
त्याच्यासमोर थांबला, हसला
आणि गेला.
डावीकडून गेला.
टाच उजवीकडं होती, शालिक सांगतो.
अजूनही सांगतो, चहा निवेपर्यंत,
टाच उजवीकडंच होती.

परतीच्या दिवशी आम्ही फाट्यावर उभे, मंडळाचे सतरा जण.
हार आणावा की नाही यावर भांडण झालेलं,
आणला नव्हता.
एसटीतून तो उतरला, काखेत जर्सीची पिशवी,
हातात मिठाचा पुडा, एक किलो.
जाताना विमलनं तेवढंच सांगितलं होतं.
आम्ही खाली पाहिलं.
त्यानं पुडा डोक्यावर धरला
आणि फाटा दणाणेल असा ओरडला,
लोण!
हसावं की कसं, कुणाला कळेना.
कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर तसाच राहिला.

त्यानंतर सात वर्षं तो मंडळाकडून खेळला,
तीच जर्सी उलटी घालून, नंबर आत.
गुडघा गेला तो मैदानावर नाही,
मिलच्या फळीवरून उतरताना, पाठीवर पोतं असताना.
हे मुद्दाम लिहून ठेवतो,
पोरं अलीकडं वेगळं सांगतात.

परवा रोवण्याच्या दिवसांत तो धुऱ्यावर दिसला.
समोरून सोनकुसऱ्यांची कालवड,
धुरा हातभर रुंद, दोन्ही अंगांना चिखल.
शालिकनं हात पसरले,
गुडघा वाकेल तेवढा वाकवला.
कालवड थांबली.
मी पलीकडच्या बांधीत, हातात पऱ्ह्याची पेंडी,
बायांनी हाक मारली तरी तसाच उभा.
तो तिच्या डोळ्यांकडं बघत नव्हता.